पडण्याची सरळ बाजू

दादा, तू पडून मेला नाहीस. गेले काही दिवस मी हे चाळीतल्या प्रत्येकाला सांगतेय आणि प्रत्येक जण मान डोलावून म्हणतो, हो गं बाई, पण एवढं आपटून घेतल्यावर कधीतरी हे व्हायचंच होतं. म्हणून आता तुलाच सांगते. तू बसून मेलास. रविवारी सकाळी, खुर्चीत, मांडीवर पेपर घेऊन, चहा अर्धा संपवून. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हृदयाची एक झडप जन्मापासूनच अधू होती, पडण्याचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही. शिडीवरून, स्टुलावरून, जिन्यावरून, पिंपावरून पडलेला माणूस, कधी नख तुटलं नाही ते, आणि गेला कधी तर शहाण्यासारखा नीट खुर्चीत बसलेला असताना. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तू पोट धरून हसला असतास. मला हसू आलं नाही.

काल तुझी शोकसभा झाली. तिथे मी जे केलं त्यावर आज अख्खी चाळ बोलतेय. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायच्या आधी मीच सांगते.

सुरुवात पेडणेकर काकांपासून झाली. तू गेल्यावर पाचव्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष म्हणून ते घरी आले, तुझ्याच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मोहनची शोकसभा मंडळ करणार. आणि यंदापासून गणपतीतला तुम्हा भावाबहिणीचा तो पडापडीचा कार्यक्रम बंद. तीच त्याला खरी श्रद्धांजली."

मी म्हटलं, "काका, गाणारा गेला म्हणून गाणं बंद करतात का?"

"गाण्याने कुणी मरत नाही, पोरी."

"पडण्यानेही कुणी मेलेलं नाही."

ते वाद घालायला आलेच नव्हते, ठरवून आले होते. पण आई स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. आईचं तुला माहितीय, रागात आणि दुःखात ती थेट मालवणात जाऊन पोचते. "बरोबर बोलतत ते. एक गेलो. आता दुसरा जावक नको." आणि माझ्याकडे बोट करून, "परत पडलस तर माझ्याशी बोलू नको." पेडणेकरांचं मला काही नाही रे. आईने असं म्हणावं ह्याने मात्र माझी वाटच लागली. कारण ती म्हणाली म्हणजे तिनेही मानलं की तुला तुझ्याच खुळाने नेलं. तू असा जन्मभर पडत राहिलास आणि शेवटी घरात तुझ्या नावाला अपघात चिकटावा, हे मी चालू देणार नव्हते.

खूळ तर होतंच. आणि ते लागलं कुठे, तर आपल्याच गणपतीत, भर रस्त्यात. दोन बांबूंमध्ये पांढरा कपडा ताणायचे, मशीनवाला यायचा, अंधार पडला की सिनेमा सुरू. खरा सिनेमा हिंदी, नाहीतर मराठी. पण मशीनवाल्याकडे परदेशातली काही जुनी छोटी रिळं होती, काळीपांढरी, बिनआवाजाची. लोक जागा धरून बसेपर्यंत तो ती फुकटात लावायचा. उंच टोपीतला जाडा साहेब, केळ्याची सालं, ओला रंग, शिडी, मागे लागलेला पोलीस, तोंडावर बसलेला केक. केक म्हणजे काय हेही तेव्हा आपल्याला धड माहीत नव्हतं. तुला वाटलं होतं त्यांच्याकडे चुना असा ताटलीत घालून फेकतात. खरा सिनेमा सुरू झाला की तू जांभया द्यायचास आणि मशीनवाल्याच्या पायाशी जाऊन बसायचास, मधे रीळ तुटलं तर तो परत पडापडी लावेल म्हणून.

तुम्ही पुरुष मंडळी पडद्याच्या पुढे. आम्ही बायका आणि लहान मुली मागे, कारण पुढे जागाच नसायची, आणि मागे आईला भाजी निवडत बघता यायचं. कपडा पातळ, चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. हिंदी सिनेमात आम्हाला त्याचा फार वैताग. हिरोईन चिठ्ठी लिहायला बसली की डाव्या हाताने लिहायची आणि आई दरवेळी म्हणायची, ह्या बाईक कोणी वळण लावूक नाय. पण त्या पडापडीत आमचं काही म्हणजे काही कमी व्हायचं नाही. मधेमधे इंग्रजी पाट्या यायच्या, त्या तुम्हाला सरळ दिसूनही वाचता येत नव्हत्या आणि आम्हाला उलट्या. माणूस धाडकन पडला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकदम हसू यायचं. मी तेव्हापासून सांगतेय, पुढून आणि मागून सारखाच चांगला असलेला सिनेमा तेवढा एकच.

आपण दोघे मोठे झालो, तू अंधेरीच्या कारखान्यात फिटर लागलास, मी टेलिफोनच्या बोर्डवर बसायला लागले, आणि एका वर्षी तू म्हणालास, "नलू, ह्या गणपतीत आपण दोघं पडू." घरी कुणाला न सांगता आपण एक साधा प्रवेश बसवला. साहेब आणि मडम ऐटीत चालत येतात, सालावरून पाय घसरतो, पडतात. तालीम वेगवेगळी केली होती, जागाच कुठे होती. स्टेजवर पहिल्यांदा एकत्र घसरलो आणि आपली टाळकी अशी एकमेकांवर आपटली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तू पुढून बघून शिकलेला, तू पडलास डावीकडे. मी मागून बघून शिकलेली, मी पडले उजवीकडे. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. त्यांना वाटलं हे असंच बसवलंय.

मग पुढे दर वर्षी तसंच बसवलं, पण तुझं टुमणं सुटलं नाही. "नलू, तू उलटी पडतेस."

"मी सरळच पडते. उलटा तू."

"अगं, मी पुढून बघितलंय. पुढची बाजू ती सरळ बाजू."

"पुढची बाजू पुढची आहे हे ठरवलं कोणी? खुर्च्या मांडणाऱ्यांनी. आम्ही निम्मी चाळ दुसरीकडे बसलो होतो, आमच्यासाठी तीच पुढची."

तू म्हणायचास, मशीन कुठून प्रकाश टाकतं ते बघ. मी म्हणायचे, मशीन काय ब्रह्मदेव लागून गेला? जेवताना, बसस्टॉपवर, बाबांच्या श्राद्धाला ब्राह्मण जेवत असताना आपण हे भांडलोय. तू जायच्या आदल्या संध्याकाळीही तू म्हणालास, थांब, कुठूनतरी ते रीळ मिळवतो आणि तुला दाखवतोच. आता मी कुणाशी भांडू? दादा, तू सरळ पडायचास असं मी आजही म्हणणार नाही. तू मेलास म्हणून बरोबर ठरत नाहीस.

पडण्याला कोट पाहिजे, हा तुझा नियम. शर्ट-पायजम्यातला माणूस पडला की लोक धावतात, कोटातला पडला की हसतात, असं तू म्हणायचास. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, ते दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे, तेव्हा एकदा ते तुझ्यावर जाम चिडले होते. "पडलेल्या माणसाला हसायचं? लाज वाटत नाही?" तू त्यांच्यापुढे खाली बसलास आणि म्हणालास, "बाबा, आपल्याला कोण हसतंय? त्या रिळांत पडतो तो मालक. टोपीवाला. हवालदार. गरीब माणूस पडला तर उठून पळून तरी जातो." त्या वर्षी बाबा कार्यक्रमाला आले, आणि तू मालकाच्या ऐटीत सिगार ओढत पिंपात गेलास तेव्हा ते हसले. संपानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच, आणि ते तू केलंस. हे मी तुला कधी बोलले नाही. आपल्या घरात असलं बोलायची पद्धतच नाही. आता बोलते. माझ्या बापाला तू हसवलंस, तुझे उपकार आहेत माझ्यावर.

आणि लोक म्हणतात आपटून घेत होता. आपटून घ्यायला अक्कल लागत नाही. न आपटता पडायला आपण किती रविवार आरे कॉलनीत काढले. बसने जायचं, तबेल्यांच्या पुढे गवत बघायचं आणि पडत राहायचं. हनुवटी छातीला. अंग सैल. पाठ टेकायच्या आधी तळहात जमिनीवर फाडकन मारायचा, म्हणजे आवाज हाताचा आणि दुखणं कुणाचंच नाही. सहावारीत माझ्या निऱ्या सुटायच्या, म्हणून मी आईची नऊवारी चोरून न्यायचे. काष्टा घातला की बाई कशीही पडू शकते. एकदा तू मला ढकलायची तालीम देत होतास आणि तबेल्यातला भैया काठी घेऊन धावत आला. "बहनजी, ये आदमी मार रहा है क्या?" मी म्हटलं, नाही हो, भाऊ आहे, शिकवतोय. त्याने आपल्या दोघांकडे असं बघितलं की विचारू नकोस. मग म्हणाला, "ऐसा भाई किसी को ना मिले," आणि निघून गेला. तू शेणात बसून हसत होतास, आणि ते तालमीतलं बसणं नव्हतं.

पार्ल्याचं ते स्थळ आठवतंय? मुलगा बँकेत, घर स्टेशनपासून चालत, आईने आठवडाभर आधीपासून डबे घासले होते. मुलाच्या आत्याने विचारलं, मुलीला गाणं येतं का? मी मान खाली घालून बसलेली. तू एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "नाही, पण पडता झकास येतं." आत्याबाईंच्या हातातला पोहे खायचा चमचा तसाच राहिला. नकार दोन दिवसांत आला. आई तुझ्याशी कितीतरी दिवस फक्त माझ्यामार्फत बोलायची, "तेका सांग जेवूक ये." आणि मला म्हणायची, "चेडवा, तुझा लगीन होवचा आसा, लोकांनी काय म्हणूचा?" मी वरवर फुरंगटून बसले, पण खरं सांगू, मी सुटले रे. तू ते म्हणालास तेव्हा तो मुलगा हसलासुद्धा नाही. ज्याला त्यावर हसू येत नाही त्याच्याबरोबर जन्म काढायचा म्हणजे काय.

मग चाळीत व्हिडिओ आला. भाड्याने आणायचे, एका घरात पन्नास माणसं कोंबून बसायची. कपडा ताणणं बंद झालं, मशीनवाला कुठे गेला कुणास ठाऊक. तुला लोक म्हणायचे, मोहन, हे तुझं जुनं झालं. तू त्या वर्षी शिडी आणलीस, आणि पहिल्यापेक्षा उंचावरून पडलास.

एका गोष्टीचा मात्र मला तुझा राग आहे आणि मी तो गिळणार नाही. गेल्या गणपतीत तू शिडीवरून पडून उठलास आणि तुला धाप लागली. तू ती धापही खेळात घेतलीस. जीभ बाहेर काढून, छातीवर हात ठेवून, माझ्या खांद्यावर रेललास, आणि लोकांनी टाळ्या कुटल्या. मीही हसत होते. स्टेजमागे विचारलं तर म्हणालास, गॅस झालाय. तुला कळत होतं काहीतरी बिघडलंय. लोकांना फसव, ते त्याचसाठी येतात. मला कशाला फसवलंस? मला सांगितलं असतंस तर फरफटत नेलं असतं डॉक्टरकडे. हे मी तुला माफ करत नाही, निदान अजून तरी नाही.

तर काल. शाळेचा हॉल भरला होता. तुझ्या कारखान्यातले लोक मागे उभे होते. टेबलावर तुझा फोटो, हार, उदबत्ती. फोटो कारखान्याच्या ओळखपत्राचा मोठा केलेला, त्यात तू पोलिसांनी आत्ताच पकडून आणल्यासारखा दिसतोस. पेडणेकर काका सफारी घालून बोलायला उभे राहिले. मोहन हा सालस, मितभाषी, गंभीर वृत्तीचा कार्यकर्ता होता म्हणाले. मितभाषी, तू. जाजम घालायचं की सतरंजी ह्यावर मंडळाला तुझं तासभर ऐकावं लागायचं. मग म्हणाले, त्याचा तो एक छंद होता, त्याबद्दल आज न बोललेलं बरं, आणि मंडळाने पुढे तसला प्रकार होऊ न देण्याचा निर्णय घेतला आहे. लोकांनी माना हलवल्या. मी आईकडे बघितलं. ती पहिल्या रांगेत, पदर घट्ट ओढून, तुझ्या फोटोकडे बघत होती.

शेवटी त्यांनी मला दोन शब्द बोलायला बोलावलं. माझ्याजवळ चांगले दोन शब्द होते, घरी घोकून आले होते. पायऱ्या चढून वर गेले, माईकसमोर उभी राहिले, "माझा भाऊ," एवढंच म्हटलं आणि पुढचं काही येईना. त्या फोटोतल्या माणसाबद्दल मला काही माहीतच नव्हतं. मग मी एक पाऊल मागे घेतलं आणि पडले. दोन्ही पाय वर, हनुवटी छातीला, तळहात फाडकन. माझ्या बाजूला पडले, उजवीकडे. दुसरीकडून कुणी येऊन आदळलं नाही.

कुणी हसलं नाही. हॉलमधून एकच "आई गं" आलं आणि लोक उठले. कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी कांदा, कुणी म्हणालं हिला बोलायला लावायलाच नको होतं. पेडणेकर काका मला उचलायला वाकले. मी डोळे मिटून पडले होते, मला उठवेना, कारण मला कळलं होतं की मी हरले. उद्यापासून दोन गोष्टी सांगणार लोक, भाऊ पडून गेला आणि बहीण दुःखाने पडली.

तेवढ्यात आईचा आवाज आला. "सोडा तिका."

सगळे थांबले.

"ती पडूक नाय," आई म्हणाली. "पडान दाखयता हा." आणि कुणाला कळलं नसेल तर म्हणून, शुद्ध मराठीत सुरुवात करून, पेडणेकरांकडे बघून, "पडणं वेगळं आणि पडून दाखवणं वेगळं. माझो झिल, मोहन, कधी पडूक नाय. तो दाखवायचा." मग मला म्हणाली, "उठ. परत कर. माका नीट दिसूक नाय."

दादा, मी उठले. पदर सारखा केला, सफारीतल्या माणसासारखी घसा खाकरत माईककडे गेले, फोटोला मान तुकवून नमस्कार केला आणि पुन्हा पडले. मागून तुझ्या कारखान्यातल्या कुणीतरी शिट्टी मारली. मग एक बाई खुदकन हसली, मग दुसरी, मग सगळा हॉल. मी तशीच पडून ऐकत होते. मला वाटलं होतं आनंद होईल. संतापच आला. हसू तुझं होतं आणि तू नव्हतास, तरी ते हसत होते. तुझ्यावाचून लोकांना हसता येतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी छताकडे बघून ढसाढसा रडले आणि लोकांना वाटलं तेही खेळातलंच आहे, म्हणून ते आणखी हसले. धापेच्या वेळी तुला कसं वाटलं असेल ते तेव्हा मला कळलं.

नंतर पेडणेकरांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. ती कुणाला पाळता आली नाही, कुठूनतरी फुसकन हसू निसटायचं आणि परत सगळे सुरू. काका बाहेर पडताना म्हणाले, कार्यक्रमाचं आपण बघू, विचार करू. मी म्हटलं, "तुम्ही विचार करा, काका. मी यंदा पडणार आहे. स्टेज दिलंत तर स्टेजवर, नाहीतर रस्त्यावर, तिथे कुणाच्या परवानगीने पडलं नाही अजून कोणी."

आई आणि मी घरी निघालो. चाळीच्या तोंडाशी गटाराचं काम काढलंय, फरशा हलतात. आईने माझा दंड पकडला आणि सवयीने म्हणाली, "बघून चल गो, पडशीत." म्हणाली आणि आपलंच बोलणं ऐकून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. तू गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती तिथे फरशीवर उभी राहून मोठ्याने रडली, हसत हसत रडली, येणारेजाणारे बघत होते तरी थांबली नाही. मीही थांबवलं नाही. मग आम्ही एकमेकींना धरलं आणि दोघी, न पडता, घरी आलो.